‘प’पासून सुरू होणारी ओळ

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे गृहस्थ ३६ वर्षांचे आहेत आणि बोलताना अडखळतात. पाचवी ते सातवी ते एका वसतिगृहात होते. जेवणाच्या रांगेत मोठी मुलं पोळ्यांची परात मागे ओढून म्हणायची, ‘पोळी म्हण, मग मिळेल.’ ‘प’ अडायचा आणि रांग हसायची. ‘पोपट’ हे नाव तिथेच पडलं. आता त्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालाय. तिथेही सगळे त्यांना पोपटच म्हणतात. डिसेंबरात स्नेहमेळावा आहे. गेल्या चार वर्षांत त्यांनी या छळावर चाळीसेक कविता लिहिल्या, त्यातल्या अकरा मला पाठवल्या आणि तीन गोष्टी विचारल्या. या कविता रडगाण्यासारख्या का होतात? लिहून जखम भरते की उलट उकलते? आणि मेळाव्यात एखादी वाचावी का?

तुमच्या अकराही कविता मी तीनदा वाचल्या, पत्र त्याहून जास्त वेळा वाचलं. गेली २४ वर्षं मी शाळा-कॉलेजांत आणि मोठ्यांसाठी कवितेच्या कार्यशाळा घेते आहे. बालपणीच्या छळावरची कविता प्रत्येक कार्यशाळेत कोणी ना कोणी घेऊन येतंच. कोणाच्या रंगावरून, कोणाच्या जाडीवरून, कोणाच्या आडनावावरून, कोणी मुलींसारखा चालतो म्हणून. त्या अनुभवावरून तुम्हाला सांगते.

आधी कवितांबद्दल. त्यांत ‘काळोखाच्या गर्तेत’ आहे, ‘कोमेजलेलं बालपण’ आहे, ‘नराधमांनो’ ही हाक चार कवितांत आहे. वसतिगृह मात्र एकाही कवितेत नाही. परात नाही, रांग नाही, पोळी नाही. हे सगळं पत्रात आहे, आणि पत्रातही ओझरतं. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘मी मग पोळी मागणं सोडलं. भात न मागता वाढायचे. दोन वर्षं मी भातच खाल्ला.’ आणि शेवटाकडे, जाता जाता, ‘अजूनही हॉटेलात मला पोहे खावेसे वाटतात, पण मी शिरा मागवतो. मला गोड आवडत नाही.’

इथे मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ काहीच करू शकले नाही. तुमच्या अकरा कवितांनी मला असं थांबवलं नव्हतं. याचा अर्थ तुम्हाला लिहिता येत नाही असा मुळीच नाही. तुमच्या लेखणीला खरी गोष्ट सापडली आहे. तुम्ही ती कवितेच्या लायकीची धरली नाहीत, एवढंच.

विल्यम कूपर नावाचा इंग्रज कवी होता, जन्म १७३१ चा. सहा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याला निवासी शाळेत घातलं. तिथे पंधराएक वर्षांच्या एका मुलाने त्याचा अमानुष छळ केला. पुढे शाळेविषयी कूपरने एक लांबलचक कविता लिहिली, १७८५ साली ती छापली गेली. मुलांना अशा शाळांत पाठवू नका, घरी शिकवा, असा त्यात जोरदार युक्तिवाद आहे. ती कविता आज फारसं कोणी वाचत नाही. पण आत्मकथनात त्याने एक वाक्य लिहून ठेवलं आणि ते वाचलेला माणूस विसरत नाही. त्या मुलाच्या गुडघ्यांच्या वर नजर न्यायची माझी हिंमत नव्हती, असं तो म्हणतो. त्यामुळे त्याच्या बाकीच्या कपड्यांपेक्षा मी त्याला त्याच्या बुटांच्या बकलांवरून जास्त ओळखायचो.

बघा, त्यात ‘मी घाबरलो होतो’ असं कुठेच नाही. त्याची गरजही उरत नाही. एक लहान मूल, खाली घातलेली मान आणि समोर चकाकणारं बक्कल. छळावरच्या कवितेला असं एक बक्कल लागतं. तुमचं बक्कल ही परात आहे.

तुमचा पहिल्या प्रश्नातला शब्द, ‘रडगाण्यासारख्या’. मी तो शब्द वापरणार नाही. तुमच्या कवितांत रडणं फार आहे अशी माझी तक्रार नाही. त्यात तुम्ही स्वतः फार कमी आहात, ही आहे. ‘काळोखाची गर्ता’ कोणाचीही असू शकते. नको असलेला शिरा समोर घेऊन बसलेला ३६ वर्षांचा माणूस फक्त तुम्ही आहात. वाचणाऱ्याला दया येण्याआधी समोर काहीतरी दिसावं लागतं. दिसलं नाही, तर कवीने केलेली दयेची मागणीच तेवढी ऐकू येते, आणि मग लोक त्याला रडगाणं म्हणतात.

आता एक गोष्ट सांगते. ती लिहावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. तुमच्या अकरा कवितांत मिळून २१३ ओळी आहेत. एकही ओळ ‘प’पासून सुरू होत नाही. मराठीत हे जवळजवळ अशक्य आहे. पण, परत, पुन्हा, पाऊस, पहाट, पाणी, पोरका. अशा विषयाच्या कवितेत हे शब्द ओळीच्या तोंडाशी सहज येतात. तुमच्याकडे ‘पाऊस’ आहे, पण तो नेहमी ओळीच्या मध्ये, ‘हा पाऊस’, ‘तो पाऊस’ असा. ‘पुन्हा’च्या जागी सगळीकडे ‘फिरून’ आहे. ‘पण’च्या जागी ‘मात्र’ किंवा ‘तरी’.

तुम्ही हे मुद्दाम केलं नसणार, आणि मला खात्री आहे की तुम्हाला हे ठाऊकही नाही. लिहिताना आपण मनातल्या मनात बोलतो, आणि तुमच्या मनातल्या बोलण्यातही ती रांग अजून उभी आहे. ती मुलं कधीच निघून गेली, तरी एक अक्षर अजून त्यांच्याच ताब्यात आहे. दूरगामी परिणाम म्हणतात तो हा. कवितेचा विषय म्हणून तो तुम्ही बाहेर शोधत होतात आणि तो तुमच्या शब्दनिवडीत बसला होता. म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच आहे, की छळाचं वर्णन करू नका. आज तुमचं शरीर आणि तुमची भाषा काय करते ते लिहा. काय मागवता, कुठल्या खुर्चीत बसता, फोन वाजला की आधी काय करता. तिथून मागे चालत गेलात की परातीपाशी आपोआप पोचाल.

‘तेवढ्याशा चिडवण्याचं मी इतकं घेऊन बसलो, हा माझाच कमकुवतपणा का?’ असंही तुम्ही लिहिलंय. इंग्रजीत ज्याला ‘बुलिंग’ म्हणतात, त्याला मराठीत एक नेमका शब्द नाही, त्यामुळे घोटाळा होतो. चिडवणं, खोड्या, टिंगल, दादागिरी, सगळं एकाच टोपलीत. तुमच्या रेक्टरांनीही ‘मस्करी करतात, मनावर घेऊ नकोस’ म्हणून तीच टोपली पुढे केली. स्वीडन आणि नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी शाळांमधल्या छळाचा १९७० च्या दशकापासून अभ्यास केला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. इजा करण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि दोन बाजूंच्या बळात फरक असणं. मस्करीत दोघं हसतात आणि पुढच्या वेळी पाळी बदलते. तुमची पाळी कधी बदलली? ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातल्या ७,७७१ जणांची माहिती २०१४ साली प्रसिद्ध झाली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार छळ सोसावा लागला होता, त्यांच्यात पन्नाशीच्या आसपासही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली, माणसांशी नाती कमी आढळली. पन्नाशीत. तुम्ही तर अजून ३६ चे आहात. हा कमकुवतपणा नाही.

मराठी कवितेला हा विषय नवा नाही. चोखोबांचा अभंग आठवा, ‘धाव घाली विठू’. बडवे मारतायत, शिव्या देतायत, आणि का, तर विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला! चौदाव्या शतकातली ही कविता मारणाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे नोंदवून ठेवते. ‘दुष्टांनो’ म्हणत नाही. त्यांचा प्रश्न नुसता पुढे ठेवते आणि त्या प्रश्नातच त्यांचं सगळं रूप उघडं पडतं. जातीच्या नावाने होणारा छळ वर्गातल्या टिंगलीच्या मापात बसत नाही, त्यामागे अख्खा समाज उभा असतो. मी दोन्ही एक मानत नाही, तुम्हीही मानू नका. तरी त्या अभंगातल्या दोन जागा तुमच्या कामाच्या आहेत. एक, ‘काही तरी अपराध’. मारतायत त्या अर्थी आपलंच काहीतरी चुकलं असणार, ही शंका. दुसरी जागा शेवटाला आहे. मार खाल्लेला माणूस हात जोडून म्हणतो, मी बोललो याचा राग नसावा.

तुमच्या पत्रात ‘माफ करा’ पाच वेळा आलंय. पत्र लांबलं म्हणून, अक्षर वाईट म्हणून, तुमचा वेळ घेतला म्हणून. त्याच्यावरही एक कविता आहे.

जात्यावरच्या ओव्याही अशाच. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गोळा केल्या. त्यांत सासुरवास भरून आहे. पण ती बाई सासूशी बोलत नाही, जात्याशी बोलते. सासूशी बोलली असती तर तिला बाजू मांडावी लागली असती, पुरावे द्यावे लागले असते. जात्याला पुरावा लागत नाही. तुमच्या कविता ‘नराधमांनो’ म्हणतात तेव्हा त्या अजून त्याच रांगेत उभ्या राहून त्याच मुलांशी वाद घालत असतात. ऐकणारा बदला. परातीशी बोला. अकरा वर्षांच्या त्या मुलाशी बोला. तुमची मुलगी तिसरीत आहे म्हणता, ती मोठी झाल्यावर वाचेल असं धरून लिहा. ऐकणारा बदलला की आवाज आपोआप खाली येतो, आणि खाली आलेला आवाज लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात.

आणि रांग विसरू नका. परात ओढणारी मुलं किती होती, तीन? चार? हसणारे चाळीस होते. अशा बहुतेक कवितांत हे चाळीस येतच नाहीत. त्यांतला एखादा हसला नसेल, त्याने नुसतं ताटाकडे बघितलं असेल. तो कोण होता ते आठवत असेल तर लिहा.

आता थोडं कारागिरीचं. तुमच्या दोन कवितांत तुम्ही अडखळणं अक्षरांनी दाखवलंय, ‘प’ चार वेळा लिहून, मध्ये टिंबं टाकून. ते काढून टाका. ती मुलं तुमची नक्कल करायची तेव्हा नेमकं हेच करायची. अडखळणं बाहेरून कसं ऐकू येतं ते जगाला ठाऊक आहे. आतून कसं असतं ते फक्त तुम्हाला. शब्द डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतो, जीभ तयार असते आणि दार उघडत नाही. हे कागदावर आणायला ओळ तोडणं पुरतं. आपल्या वृत्तांत यती असते, थांबायची ठरलेली जागा. तुमची यती नको तिथे येते. मुक्तछंदात ती तुम्ही हवी तिथे ठेवू शकता. तुमच्याच पत्रातले शब्द घेऊन मी फक्त ओळी तोडून दाखवते:

पोळी म्हण, मग मिळेल.

मी भात खाल्ला.
दोन वर्षं
भातच.

एकही शब्द माझा नाही. पहिल्या ओळीनंतर रिकामी जागा सोडली आहे, तेवढ्यात तुमचं अडखळणं आलं आणि रांगेचं हसणंही आलं. आणि पाहिलंत, ओळ ‘प’पासून सुरू झाली. शब्द मात्र त्यांचा आहे, तुमच्या तोंडातला नाही. पुढची तुमची असू दे.

शेवटाबद्दलही एक हट्ट धरते. तुमच्या सात कवितांच्या शेवटी सूर्य उगवतो, पंख फुटतात किंवा तुम्ही त्यांना क्षमा करता. क्षमा खरंच केली असेल तर जरूर लिहा. केली नसेल तर कविता संपवायची म्हणून करू नका. छळ सोसलेल्या माणसाला लहानपणापासून सगळे ‘सोडून दे’ म्हणत आलेले असतात. निदान स्वतःच्या कवितेने तरी त्याला तसं म्हणू नये. कविता शिऱ्याच्या बशीपाशी संपली तर तिथेच संपू द्या.

दुसरा प्रश्न, लिहून भरतं की उकलतं. दोन्ही होतं, आणि क्रमही बहुधा उलटा असतो. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बीअल यांनी ४६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. सलग ४ रात्री, दर वेळी १५ मिनिटं लिहायचं. काहींनी साध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या घटनेवर. दुखऱ्यावर लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या जास्त वाईट वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. २००६ साली अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित हिशोब झाला. फायदा खरा निघाला, पण लहान. म्हणून लिहिणं हा उपचार आहे असं मी कोणालाच सांगत नाही.

त्या संशोधनातली एक गोष्ट मात्र कवीने गाठीला बांधावी अशी आहे. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक सर्वनामं बदलत गेली, एकदा ‘मी’, एकदा ‘तो’, ते पुढे डॉक्टरकडे कमी वेळा गेल्याचं आढळलं. मी हे कार्यशाळेत नेहमी करून घेते. एकच प्रसंग आज ‘मी’ने लिहायचा, चार दिवसांनी ‘तो’ने, मग ‘तू’ने. ‘तो’ने लिहिताना माणसाला पहिल्यांदा दिसतं की तो केवढासा होता. एक बाई ‘ती’ने लिहायला लागल्या, तिसऱ्या ओळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, हिची तर अजून वेणीसुद्धा कोणीतरी घालून देत असेल.’ तोवर तीस वर्षं त्या स्वतःलाच विचारत आल्या होत्या, मी उलटून का नाही बोलले.

काही पथ्यं सांगते. रात्री उशिरा एकट्याने लिहू नका. घड्याळ लावून वीस मिनिटं लिहा आणि उठा. मग हाताने करायचं एखादं काम करा, झाडांना पाणी घाला, भाजी निवडा. दोन-तीन दिवसांनी मन हलकं व्हायला हवं. तसं न होता झोप उडाली, तीच दृश्यं कामाच्या वेळीही समोर यायला लागली किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वही बंद करा आणि समुपदेशकाकडे जा. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. फोनवर बोलणं तुम्हाला जड जाईल हे मला कळतं, म्हणून पहिला फोन पत्नीने लावला तरी चालेल. माझ्या कार्यशाळेत कोणी असं कोलमडायला लागलं, तर मी त्या दिवशी कविता बाजूला ठेवते. माणूस आधी.

तिसरा प्रश्न मेळाव्याचा. माझं मत, या डिसेंबरात वाचू नका. तुमचं वाचन वाईट होईल म्हणून नाही. तिथे चाळीस माणसं जुन्या आठवणींत रमायला आलेली असतील. तुम्ही वाचाल, कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणेल, ‘अरे पोपट, एवढं लक्षात ठेवलंस होय!’ आणि तुमची चार वर्षांची मेहनत पुन्हा त्याच परातीसमोर उभी राहील. कविता पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा ती अंग सुकायच्या आत उडवलेल्या पाखरासारखी नसावी. पहिला ऐकणारा असा निवडा, ज्याला तिच्यातून स्वतःला वाचवायचं नाही. ग्रुपवर टाकायची तर नावं घालू नका. कायद्याची कटकट हे एक कारण आहेच. शिवाय नाव आलं की लोक कविता सोडून ‘तो आता कुठे असतो’ याच्या मागे लागतात.

मेळाव्याला जायचं की नाही हे मात्र कवितेपासून वेगळं ठेवा. ग्रुपवर एक साधा संदेश लिहिता येतो, ‘मला माझ्या नावाने हाक मारा.’ त्याला कवितेची गरज नाही. त्यावर कोण काय उत्तर देतं ते बघा आणि मग तिकीट काढायचं का ते ठरवा.

राहिला वाचण्याचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की चाळीसपैकी एकही कविता तुम्ही मोठ्याने वाचलेली नाही, घरीसुद्धा नाही. अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत, किंवा दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून म्हणताना अडखळत नाहीत, हे वाणीदोषांवर काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. लय आधी पावलं टाकते आणि शब्द तिच्यामागून येतात. याने अडखळणं जाईल असा भरवसा मी देत नाही, आणि ते गेलंच पाहिजे असंही मला वाटत नाही. पण एखादी कविता अभंगात लिहून बघा. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. टाळीवर म्हणता येईल अशी. लेकीला टाळी वाजवायला बसवा. अर्थ तिला आत्ता कळायला हवा असं नाही.

मग ‘पोळी’ची कविता पुरी करा. एक तरी ओळ ‘प’पासून सुरू होऊ द्या, आणि ती तुमच्या तोंडची असू द्या. झाली की मला टाइप करून पाठवू नका. फोनवर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, कापाकापी न करता. ‘प’पाशी जितका वेळ लागेल तितका लागू द्या. मी शेवटपर्यंत ऐकेन.